पहिल्या कादंबरीतला ‘मी’

श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या मराठी मुलाने परवा विचारलं, पहिली कादंबरी लिहायचीय, रहस्यकथा लिहू की ऐतिहासिक? मग जरा लाजत म्हणाला, की आपलीच गोष्ट? खरं तर मराठीत हा तिसरा पर्याय कुणी विचारत नाही. तो गृहीतच असतो.

याला कारण ‘कोसला’. १९६३ साली ती आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराची ही हकिकत आपण ‘आत्मकथनात्मक’ या खणात ठेवून मोकळे झालो. पुन्हा उघडून पाहावी. तिच्यात रोजनिशी आहे, इतिहाससंशोधकाची नक्कल आहे, आणि धाकट्या मणीच्या मृत्यूपाशी ही सगळी थट्टा कोसळते. नेमाड्यांनी स्वतःचं जगणं वापरलंच, पण हाताशी असलेल्या गद्यप्रकारांची टरही उडवली. पुढच्यांनी वसतिगृह तेवढं उचललं.

चेन्नईत याच्या अगदी उलट उदाहरण आहे. अशोकमित्रन सिकंदराबादेत वाढले, १९५२ मध्ये इथे आले आणि जेमिनी स्टुडिओत दहाहून अधिक वर्षं नोकरी केली. रझाकारांचे दिवस त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते. पहिल्या कादंबरीला याहून तयार विषय कोणता? तरी १९६९ची ‘करैंद निळलगळ’, म्हणजे विरघळलेल्या सावल्या, सिनेमा धंद्यातल्या माणसांवर आहे. तिला नायक नाही. निर्मिती-व्यवस्थापक, त्याचा मदतनीस, निर्माता, असं लक्ष एकावरून दुसऱ्यावर सरकतं आणि आधीचा माणूस धूसर होतो. सिकंदराबादचं पोरवय कादंबरीत आलं ते १९७७ मध्ये, ‘पदिनेट्टावदु अक्षक्कोडु’त. मला वाटतं, इतरांकडे पाहण्याची सवय आधी झाल्यामुळेच तिथला मुलगा स्वतःबद्दल हळवा होत नाही.

अशोकमित्रन यांची काही पानं मराठीत आणताना मला एक अडचण सतत आली. त्यांचं वाक्य माहिती देतं आणि गप्प बसतं. माझ्या मराठीला गप्प बसवेना. शेवटी एखादं ‘वगैरे’ टपकायचंच, आणि मद्रासचा मदतनीस सांगवीकरासारखा बोलू लागायचा. चार वेळा खोडलं. प्रकार निवडताना आपण विषय निवडतो असं वाटतं, पण त्याबरोबर एक वाक्यही पदरात येतं, बहुधा दुसऱ्याचं.

त्या मुलाने वीस पानं दिली होती. पहिल्या अठरांत जळगावहून निघालेला एक उदास तरुण आहे. एकोणिसाव्या पानावर रात्रपाळीच्या बसचा ड्रायव्हर येतो, डबा उघडतो, आणि कुणाला न विचारता गाडीतले दिवे घालवतो. तो कोण, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, माहीत नाही, तो आपोआप आला.