बूटलोडर बदलण्याचा उचित काळ : आर्डुइनो नॅनोच्या निमित्ताने

संगणकावरून आलेली आज्ञावली मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत उतरवून घेणारा लहानसा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. २०१० मध्ये आलेल्या आर्डुइनो उनोवर आरंभापासूनच ११५२०० बॉड गतीचा, अर्धा किलोबाइट जागा घेणारा 'ऑप्टिबूट' होता. नॅनोवर मात्र ५७६०० बॉडचा जुना बूटलोडरच राहिला. जानेवारी २०१८ पासून नाव व रूप तेच ठेवून नॅनोवरही ऑप्टिबूट आला आणि मेनूतील मूळ पर्याय ठरला. पूर्वीच्या बोर्डांसाठी 'ओल्ड बूटलोडर' हा वेगळा पर्याय देण्यात आला.

तांत्रिकदृष्ट्या हा बदल योग्यच होता. वॉचडॉगने रीसेट केल्यावर जुना बूटलोडर अडकून पडे. ऑप्टिबूटमध्ये तो दोष नाही. प्रश्न आहे तो वेळेचा. रत्नागिरीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत बोर्डांची खरेदी टप्प्याटप्प्याने होते. जुने-नवे एकाच पेटीत नांदतात. स्वस्त प्रतिकृतींवर तर २०१८ नंतरही जुनाच बूटलोडर येत राहिला. गती जुळली नाही की अपलोड फसते आणि विद्यार्थी निर्दोष जोडणी तपासत बसतो. सुधारणेचे श्रेय उत्पादकाला आणि निदानाचा भार शिक्षकावर, अशी ही विभागणी होय. उनोप्रमाणे नव्या नावासोबत बदल झाला असता, तर हा संभ्रम बराचसा टळला असता. तात्पर्य, मूळ पर्याय बदलण्याचा उचित काळ म्हणजे बोर्डाची ओळख बदलण्याचा काळ.