आयात केलेला नमुना आणि रब्बी ज्वारी : कृषिविद्यापीठांच्या सहकार्याचे एक परीक्षण

शेतीविषयक संशोधनासाठी दोन देशांतील विद्यापीठांनी परस्परांशी करार करण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, तिचे परीक्षण करण्याची आवश्यकता कोणास फारशी भासत नाही. ‘शाश्वत शेती’ व ‘अन्नसुरक्षा’ हे दोन शब्द अशा करारात असावयाचेच. परंतु ज्या सहकार्यातून आपली कृषिविद्यापीठे मुळात उभी राहिली, त्याचा अनुभव या नव्या मसुद्यांत क्वचितच डोकावतो. त्या सहकार्याने आपणांस काय दिले, याचे वर्णन पुष्कळ झाले आहे. जे द्यावयाचे राहिले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विद्यापीठांचा नमुना अमेरिकेतील ‘लँड-ग्रँट’ महाविद्यालयांचा. (या संज्ञेचे ‘भूदान’ असे भाषांतर करण्याचा मोह आवरलेला बरा. विनोबांच्या भूदानात जमीन भूमिहीनाकडे जाते. 1862 च्या मॉरिल कायद्याने काँग्रेसच्या प्रत्येक सभासदामागे 30,000 एकर या प्रमाणात राज्यांना जमीन दिली, ती विकून महाविद्यालये काढण्यासाठी. आणि ही जमीन मूळची सुमारे अडीचशे आदिवासी जमातींची होती, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधकार्याने नकाशांनिशी दाखविले आहे.) पुढे 1887 च्या हॅच कायद्याने प्रयोगकेंद्रांना आणि 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारसेवेला आधार मिळाला. म्हणजे अध्यापन, संशोधन व विस्तार ही त्रयी एका संस्थेच्या हाती येण्यास अमेरिकेतही बावन्न वर्षे लागली. या रचनेतील खरी मेख तिसऱ्या अंगात आहे. तेथे जिल्ह्यात हिंडणारा विस्तार-कार्यकर्ता विद्यापीठाशी बांधलेला असतो. त्यामुळे शेतकऱ्याची तक्रार प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याची वाट तरी असते.

भारतात राधाकृष्णन आयोगाने (1948-49) ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. प्रत्यक्षात आले ते 1960 मध्ये पंतनगर येथे, इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या अर्थसाहाय्याने जोड्या जुळत गेल्या : लुधियानाला ओहायो, आंध्रला कॅन्सस, बंगळूरला टेनेसी, आणि 1968 मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या विद्यापीठाला पेनसिल्व्हेनिया. सत्रपद्धती, अंतर्गत मूल्यमापन, पदव्युत्तर विभाग, अध्यापकांचे परदेशी शिक्षण हे सारे या जोड्यांनी आणले, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण विस्ताराचे काम राज्यांच्या कृषिखात्यांनी सोडले नाही. विद्यापीठांकडे ‘विस्तारशिक्षण’ नावाचा एक विभाग आला. गावोगावची यंत्रणा खात्याकडेच राहिली. 1974 पासून सुरू झालेल्या कृषिविज्ञान केंद्रांनी ही उणीव काही अंशी भरून काढली असली, तरी जिल्ह्यामागे एकदोन केंद्रे हे त्या यंत्रणेला पर्याय होत नाहीत. कलम लावताना एक फांदी झाडावरच राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

याचा परिणाम कोठे दिसतो ते पाहण्यास ज्वारीसारखे दुसरे पीक नाही. 1964 मध्ये सी.एस.एच. 1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्यामागील अखिल भारतीय योजनेस रॉकफेलर फाउंडेशनचे साहाय्य होते. म्हणजे हेही एका सहकार्याचेच फळ. खरिपात त्याने उत्पादन निःसंशय वाढविले. परंतु लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडले की दाणा बुरशीने काळा पडतो, आणि अशा ज्वारीला भाकरीसाठी गिऱ्हाईक मिळत नाही. कडबाही आखूड आणि जनावरांना नकोसा. इकडे सोलापूर-नगरच्या रब्बी टापूत, जेथे पीक जमिनीतील ओलीवर येते, तेथे संकरित वाणांचा पाय फारसा रुजलाच नाही. तेथे आजही मान आहे तो एम 35-1 ला, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेल्या वाणाला. शुभ्र, टपोरा दाणा व उंच कडबा हे त्याचे गुण. एकरी किती क्विंटल, एवढाच प्रश्न विचारणाऱ्या संशोधनाच्या तक्त्यात त्यांना जागा नसते; शेतकऱ्याच्या घरात मात्र निर्णय त्यांवरच होतो.

येथे कोणी म्हणेल की, हा दोष पैदासशास्त्राचा, सहकार्याचा नव्हे. मला तसे वाटत नाही. कोणता प्रश्न संशोधनास घ्यावयाचा हे ठरविणारी पद्धतीही सहकार्यातूनच आली होती. वस्तुतः आपल्याकडे दुसरी एक पद्धती आधीपासून होती. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पण 1917 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची, आणि 1921 मध्ये श्री. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी प्रसिद्ध केली. जमीन, तिचे तुकडे, पिके, कर्ज, कुटुंबाचा जमाखर्च हे सारे त्यांनी एकत्र तपासले. हेच कानिटकर पुढे सोलापूरच्या जिराईत शेतीच्या संशोधनाशी निगडित झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. मातीचा अभ्यासक व कर्जाचा अभ्यासक यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. नव्या विद्यापीठांत कृषिअर्थशास्त्राला स्वतंत्र विभाग मिळाला आणि त्याबरोबर भिंतही मिळाली. अन्नधोरण, म्हणजे रेशनवर काय द्यावयाचे व कोणत्या भावाने, हा विषय तर विद्यापीठाच्या आवाराबाहेरच राहिला. गहू-तांदळाच्या खरेदीने ज्वारीची ताटातील जागा कशी हलविली, याचा शोध वाण काढणाऱ्याच्या कक्षेत कधी आला नाही.

अलीकडचा अनुभवही हेच सांगतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील एका प्रकल्पात जालन्याची महिको ही कंपनी, कोइमतूरचे तमिळनाडू कृषिविद्यापीठ आणि धारवाडचे कृषिविज्ञान विद्यापीठ यांनी बीटी वांगे तयार केले. या योजनेच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे : विद्यापीठांच्या वाट्याचे वाण सरळ होते, त्यांचे बी शेतकऱ्याला घरी राखता आले असते. तरीही स्थानिक जाती कोणाच्या अनुमतीने वापरल्या, याचे उत्तर करारात सापडेना, आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला त्यात लक्ष घालावे लागले. 9 फेब्रुवारी 2010 रोजी केंद्र सरकारने प्रसाराला स्थगिती दिली. तत्पूर्वी सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांत नागपूर होते. शेतकरी, ग्राहक, वैद्य व शास्त्रज्ञ एका मंडपात बसून प्रश्न विचारीत आहेत, हे दृश्य संशोधनाच्या आरंभी दिसावयास हवे होते. ते दिसले शेवटी, आणि तेही मंत्र्याच्या पुढाकाराने.

एम.ए. व एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवा असतो. राहुरी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यातील पत्रव्यवहार व वार्षिक अहवाल मिळवून, संशोधनाचे विषय कोणी सुचविले, ते कोणत्या बैठकीत ठरले आणि त्या बैठकीत जिराईत शेतकऱ्यांपैकी कोणी होता काय, एवढे जरी कोणी तपासले, तरी आज सह्या होत असलेल्या करारांतील ‘भागीदार’ या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी बदलेल.