ज्यांना वाचवायचं, त्यांच्याच खांद्यावर

‘वर्ल्ड ऑफ गू’मधला मनोरा एकदम कोसळत नाही. आधी तो किंचित कलतो, मग सावरल्यासारखं करतो. आपण घाईघाईने दुसऱ्या बाजूला एक गोळा जोडतो आणि त्या गोळ्याच्याच वजनाने उरलासुरला तोल जातो. चूक तर कळली आहे, पण हातात वेळ नाही. त्या दोन-तीन क्षणांत या खेळाचा सगळा रस साठलेला आहे.

२००८ साली आलेला हा कोड्यांचा खेळ काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल यांच्या ‘टूडी बॉय’ या दोघांच्याच कंपनीचा. त्याचं बीज २००५ मधलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी तेव्हा एक पण केला होता: एका खेळाला एकच माणूस आणि मुदत सात दिवसांच्या आतली. त्यातून गॅबलरचा ‘टॉवर ऑफ गू’ निघाला. चिकट गोळे एकमेकांना जोडत उंच जायचं, एवढीच त्यातली कल्पना.

मोठ्या खेळातही नियम तेवढेच सोपे राहिले. बटबटीत डोळ्यांचे काळे गोळे रचनेवर इकडून तिकडे सरपटत असतात. एखादा उचलून जवळ नेला की त्यातून तंतू फुटतात आणि तो सांधा होऊन बसतो. काळा गोळा एकदा बसला की बसला. वर कुठेतरी एक नळी लोंबते. रचना तिथवर पोचली की मोकळे उरलेले गोळे आत ओढले जातात, आणि ठरलेली संख्या भरली की लेव्हल पार.

इथेच खरी गंमत आहे. ज्यांना वाचवायचं तेच बांधकामाचं सामान. आधार म्हणून जोडलेला प्रत्येक गोळा सुटणाऱ्यांतून वजा होतो, त्यामुळे भक्कम बांधावं तर वाचवायला कोणी उरत नाही आणि काटकसर करावी तर मनोरा आडवा. शिवाय मोकळ्या गोळ्यांनाही वजन असतं. बघ्यांची झुंड एका टोकाला जमली की ते टोक खचू लागतं.

‘स्मॉल डिव्हाइड’ ही सुरुवातीचीच लेव्हल बघा. मधे दरी, पलीकडे नळी. पूल जसजसा पुढे सरकतो तसतसं त्याचं टोक खाली वाकतं, कारण टोकाचं वजन तेच असलं तरी टेकूपासूनचं अंतर वाढत जातं. मग उमगतं की पुढे जायचं तर मागेही बांधायला हवं. अलीकडच्या काठावरचे दोन-चार गोळे वाया गेलेले नसतात, त्यांनीच पूल धरून ठेवलेला असतो. चौकोन तिरका होऊन बसतो, त्रिकोण टिकतो, हेही कुणी सांगत नाही. हाताला आपोआप कळतं. तरफेचा नियम शाळेत आपण पाठ केला होता, इथे तो बोटांना जाणवतो.

वजनांचा आणि ताणांचा हिशोब ‘ओपन डायनॅमिक्स इंजिन’ हे मुक्त सॉफ्टवेअर करतं. पण हिशोब अचूक असला म्हणून खेळ रंगतोच असं नाही. गूचे तंतू किती ताणावेत, किती डुलावेत, हे ठरवण्यात कर्त्यांचं कसब आहे. सुतळीने बांधलेली बांबूची परांची करकरत का होईना पण उभी असते, तसा हा मनोरा हलत राहून तगतो. त्यामुळे खेळणाऱ्याला एक दुर्मीळ सवय लागते: डोलणं थांबेपर्यंत थांबायची. घाई झालीच तर उडणारे पांढरे किडे आहेत. एकावर क्लिक केलं की शेवटची चाल परत घेता येते. पण तेही मोजकेच.

चित्रं, संगीत आणि मजकूरही गॅबलरचाच, म्हणून विनोद आणि यंत्रणा वेगळी काढता येत नाहीत. कुणी एक ‘साइन पेंटर’ वाटेत पाट्या लावून ठेवतो. तो मदत करतो आणि चिमटेही काढतो. हळूहळू ध्यानात येतं की नळीपलीकडे सुटका नाही, कंपनी आहे, आणि गोळे तिचा कच्चा माल आहेत. म्हणजे आपण जे वाचवणं समजत होतो, ती भरती होती.

चौथा भाग मात्र मला उणा वाटतो. ‘इन्फर्मेशन सुपरहायवे’त गोळे भिरकावायचे असतात, नेम लागला की समाधान होतं, पण वजन पेलल्याचं नव्हे.

ती कसर ‘वर्ल्ड ऑफ गू कॉर्पोरेशन’मध्ये भरून निघते. गरजेपेक्षा जास्त वाचवलेले गोळे तिथे साठतात आणि त्यांचा मनोरा बांधता येतो. तिथे ना नळी, ना ठरलेली संख्या. आकाशातले ढग इतर खेळाडूंच्या मनोऱ्यांची उंची दाखवतात. कोडं संपल्यावरही माणूस तिथे रेंगाळतो, यातच या खेळाची पावती आहे. इंजिन पुष्कळ खेळांना मिळतं. पण प्रत्येक गोळा कुठेतरी भारी पडतोच, हा एकच नियम कोडं, विनोद आणि टीका तिन्हींना पुरवून उरावा, हे फार थोड्यांना साधलं आहे.