पायाची घाण आणि कच्ची वही

गणपतीपुळ्याच्या परिसरातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या वर्गातली बहुतेक मुलेही आपापल्या घरातली पहिलीच. शनिवार-रविवारी ती लॉजवर चादरी बदलतात, खानावळीत वाढतात, किनाऱ्यावर शहाळी विकतात आणि सोमवारी वर्गात येऊन बसतात. गेल्या वर्षी मी त्यांना नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' दाखवला. डुकरामागे धावणारे जब्याचे कुटुंब पडद्यावर आले तेव्हा वर्ग हसला. पडद्यावरचे गावकरी हसत होते. आमच्या वर्गाने त्यांच्या हसण्यात आपले हसणे मिसळले. त्यात बौद्धवाडीतली मुलेही होती.

दुसऱ्या दिवशी मी या चित्रपटावर निबंध मागितला. चाळीस निबंध आले आणि ते जणू एकाच हाताने लिहिले होते. जातिभेद हा समाजाला लागलेला कलंक आहे. या चित्रपटातून मोलाचा संदेश मिळतो. आपण सर्वांनी बंधुभावाने राहिले पाहिजे. अक्षर वळणदार, खाडाखोड कुठेही नाही. आदल्या दिवशीचे हसणेही कुठेच नाही.

मुले खोटे लिहितात असे म्हणून हा प्रश्न संपवता येईल. मला ते पटत नाही. माझ्या मते त्यांचे हसणेही उसने होते आणि लिहिणेही. हसणे पडद्यावरच्या गावकऱ्यांकडून घेतलेले, वाक्ये गाईडातून घेतलेली.

चित्रपटाने मनावर संस्कार होतात हे आपण सहज बोलून जातो. पण ते होतात कसे याचा विचार करत नाही. चित्रपट आपल्याला उपदेश करतो त्यापूर्वीच तो आपल्याला कुठेतरी बसवतो. कोणाच्या अंगणात, कोणाच्या डोळ्यांमागे, हे तो ठरवतो. एकदा ती जागा मिळाली की तिथून जे दिसते तेच आपले मूल्य होते.

माझेच उदाहरण देतो. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. साने गुरुजींचे पालगड आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. लहानपणी मी तो दूरदर्शनवर पाहिला. आंघोळ झालेल्या श्यामला पायाच्या तळव्यांना माती लागू द्यायची नाही. आई आपले लुगडे पसरते, त्यावर तो पाय ठेवतो. आणि पायाला जपतोस तसे मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे ती त्याला सांगते. हा प्रसंग महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेला पाठ आहे. मी रडलो. मला श्याम व्हायचे होते.

त्याच पावसात माझी आई लावणीहून आली. गुडघ्यापर्यंत चिखल. मी दारातच तिला म्हणालो, "घाण पाय घेऊन आत येऊ नको." ती थांबली. "चिखल म्हंजी घाण हाय काय रं?" तिने विचारले. मला उत्तर आले नाही. तिने पाय धुतले आणि चुलीपाशी गेली.

इथे गुरुजींवर आरोप करण्याचा हेतू नाही. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले, हे आपण विसरणार नाही. प्रश्न त्या उपमेचा आहे. ज्या समाजाने शतकानुशतके माणसांनाच घाण ठरवले, त्या समाजात घाण हा शब्द नुसत्या मातीपुरता राहत नाही. श्यामच्या अंगणात बसून मी मनाची स्वच्छता शिकलो की नाही ते ठाऊक नाही. आईच्या पायांची लाज मात्र शिकलो.

'फँड्री'ने (२०१४) ही जागाच बदलली. कॅमेरा अंगणातून उठून चिखलात गेला. मात्र जब्याला निर्मळ नायक करण्याचा मोह मंजुळे यांना पडला नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की शालू आपली होईल, या आशेवर जगणारा तो पोरगा. त्याच्या डोक्यातही उसनीच स्वप्ने आहेत. म्हणून शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो, तेव्हा तो सवर्ण प्रेक्षकापुरता राहत नाही. वर्गात हसलेल्या आमच्या मुलांकडेही तो येतो. चिखलात बसवले तरी डोळे अंगणातलेच राहिले होते.

मी निबंध गुण न देता परत केले. सांगितले, आता कच्च्या वहीत लिहा. कुठेतरी वाचलेले प्रत्येक वाक्य खोडा. मग वर्ग हसला तेव्हा तुम्ही काय केलेत, एवढेच लिहा. पहिला आक्षेप आला, "सर, खाडाखोड झाली तर गुण जातात." ही भीती पोकळ नाही. ज्या घरात वहीची दोन्ही पाने मोजून वापरली जातात तिथे खोडलेले पान म्हणजे नुकसान. शिवाय आमच्या शाळांत लेखनालाही शुद्ध-अशुद्ध असते आणि घरची बोली पहिल्या दिवसापासून अशुद्धाच्या रकान्यात जाते. पायाची घाण अशी वहीपर्यंत पोचते. मग मूल तेच लिहिते जे आधीच स्वच्छ करून ठेवलेले आहे.

तिसऱ्या खर्ड्यात एका मुलाने लिहिले: "मी हसलो, कारण हसला नाही तो कोण, हे सगळ्यांनी पाहिलं असतं."

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. साठ वर्षे उलटली, आणि आमचा मुलगा आता हसून जात चोरतो. हे त्याला पहिल्या खर्ड्यात ठाऊक नव्हते. खोडता खोडता ते त्याच्या हाती लागले.

आपल्या चळवळीतही एक समज आहे. अनुभव अस्सल असला की पुरे, त्यावर हात फिरवणे म्हणजे प्रस्थापितांची कलाकुसर. मी याच्याशी सहमत नाही. पहिल्या झटक्यात येते ते बहुतेकदा चित्रपटाचे, गाईडाचे, भाषणाचे असते. आपला अनुभव त्याच्या खाली दबलेला असतो. पुन्हा लिहिणे म्हणजे तो वर काढणे. आणि कच्च्या मसुद्याची लाज आपण तरी का बाळगावी? बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आकडे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वतः सांगितले. खाडाखोड ही त्यांना नामुष्की वाटली नाही.

गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे, केशवसुतांचे गाव. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' या नावाची कविता त्यांनी लिहिली. आमच्या मुलाचा प्रश्न त्या काळी दुसऱ्याने लिहिला, याबद्दल कृतज्ञताच आहे. आज वही त्या मुलाच्या हातात आहे. ती त्याच्याकडून कोरी करकरीत मागायची की खोडलेली, हे शिक्षकांनी ठरवायचे आहे.

या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात माझ्या आईचे पाय नव्हते. तिथे मूल्यशिक्षणावर दोन परिच्छेद होते. ते मी खोडले. त्या मुलाकडे मी त्याचा संपूर्ण निबंध या अंकासाठी मागितला होता. तो म्हणाला, "एवढं एक वाक्य घ्या सर. बाकीचं अजून कच्चं आहे."