‘रांचेरिया’ शब्दाची अर्थमीमांसा

कॅलिफोर्नियाच्या इतिहासांत ‘रांचेरिया’ हा स्पॅनिश शब्द आला कीं ‘इंडियनांचा पाडा’ एवढाच अर्थ देऊन पुढें जाणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ‘पाडा’ हा तेथील रहिवाशांच्याहि तोंडचा शब्द आहे; ‘रांचेरिया’ हें नांव मूळचें परक्यांनीं दिलेलें. शिवाय कालमानानें त्याचा अर्थ पालटला आहे.

मूळ शब्द ‘रांचो’. पुष्कळांसाठीं एकत्र शिजविलेलें अन्न, तसेंच वस्तीबाहेरील उतरण्याची जागा, असे त्याचे अर्थ. त्यावरून ‘रांचेरिया’ म्हणजे झोंपड्यांचा समूह. यांतील तात्पुरतेपणाची छटा वस्तीची नव्हे, नांव देणाराच्या दृष्टीची होय. सांता बार्बरा सामुद्रधुनीच्या कांठचीं चुमाश लोकांचीं गांवें स्थिर होतीं. तेथील लोक फळ्या जोडून समुद्रगामी नावा बांधीत. १७६९ सालीं पोर्तोलाच्या सैनिकांनीं हें काम पाहून एका गांवास ‘कार्पिंतेरिया’, म्हणजे सुतारशाळा, असें नांव दिलें. तथापि मिशनांच्या दप्तरांत अशीं गांवेंहि ‘रांचेरिया’च ठरलीं. सबब या शब्दावरून तेथील लोक भटके होते असें अनुमान काढणें अप्रमाण होय. उलट, बाप्तिस्म्याच्या नोंदींत व्यक्तीची मूळ रांचेरिया लिहिलेली असल्यामुळें नष्ट झालेल्या गांवांचीं नांवें व तेथील घराण्यांचे संबंध लावण्यास हें साधन अमोल आहे.

अमेरिकन अमलांतील अर्थ निराळा. १८५१-५२ मध्यें इंडियनांशीं झालेले १८ तह सिनेटनें मंजूर केले नाहींत. पुढें १९०६ पासून भूमिहीन इंडियनांकरितां सरकारनें लहान लहान जमिनी खरेदी केल्या. त्यांसहि ‘रांचेरिया’ म्हणूं लागले. अशी प्रत्येक जमीन म्हणजे पूर्वींचें गांवच, असें धरतां येत नाहीं. १९५८ च्या कायद्यानें ४१ रांचेरियांच्या जमिनी वांटून सरकारी संरक्षण काढण्याचें ठरविलें. १९८३ सालीं टिली हार्डविक यांच्या दाव्यांतील तडजोडीनें १७ रांचेरिया पुन्हां मान्य झाल्या. जो शब्द झोंपड्यांपुरता होता, त्याच्याशीं आतां जमातीचें कायदेशीर अस्तित्व निगडित झालें आहे.

तात्पर्य, कागद कोणत्या सालचा व कोणत्या दप्तरांतील हें पाहूनच या शब्दाचा अर्थ करावा. मिशनच्या वहींत ‘गांव’ आणि १९०६ नंतरच्या सरकारी कागदांत ‘राखून ठेवलेली जमीन’ असे दोन पर्याय योजावे. दोहोंस एकच प्रतिशब्द दिल्यास जुन्या गांवांचें स्थैर्यहि झांकतें आणि त्यांच्या वंशजांनीं गमावलेल्या भूमीचें मापहि कळत नाहीं.