विंदिरचा पहिला आल्बम आणि वायकिंगांच्या हरवलेल्या चाली

आज एकाच आल्बमबद्दल बोलायचं आहे. 'सोक्नार्दाल्र'. नॉर्वेतल्या विंदिर या बँडचा पहिला आल्बम, १९९७ सालचा. बँड म्हणायचं खरं, पण ड्रम आणि साफ आवाजातलं काही गायन सोडलं तर जवळजवळ सगळं एकट्या मुलाचं काम. त्याचं नाव टेर्ये बाक्केन, संगीतातलं नाव वाल्फार. वय वीसही नव्हतं.

या आल्बमची ओळख बहुतेक एकाच वाक्यात करून देतात : ब्लॅक मेटल अधिक वायकिंग लोकसंगीत. पहिला भाग बरोबर आहे. ज्यांनी ब्लॅक मेटल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. घसा खरवडून काढलेली किंकाळी, गिटारवर एकेक स्वर झपाट्याने छेडत राहणं, मागे उसंत न घेणारे ड्रम आणि रेकॉर्डिंग बहुधा मुद्दामच खरखरीत. माझी अडचण आहे ती दुसऱ्या भागाशी. वायकिंग लोकसंगीत म्हणजे नेमकं कोणतं?

कारण वायकिंगांच्या चाली आपल्यापर्यंत पोचलेल्याच नाहीत. कुणी लिहून ठेवल्या नाहीत. हाडांच्या बासऱ्या सापडल्यात, इंग्लंडमधल्या यॉर्कला एक लाकडी पॅनपाइप सापडलाय. वाद्यं आहेत, त्यांवर काय वाजत होतं ते गेलं. मग वाल्फारने हे लोकसंगीत आणलं कुठून? तर ॲकॉर्डियनवरून. आणि ॲकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नात घेतलं गेलं १८२९ मध्ये! नॉर्वेच्या खेड्यापाड्यांतल्या नाचांत ते रुळलं तेव्हा वायकिंग युग संपून आठशेएक वर्षं झाली होती.

ही फसवणूक झाली का? मला तसं वाटत नाही. आपली पेटी घ्या. ॲकॉर्डियनच्याच कुळातली, तीही युरोपातूनच आलेली. पण पेटीशिवाय कीर्तन आज कसं ओकंबोकं वाटतं. कानात 'आपलं' म्हणून जे बसतं, ते बरेचदा पणजोबांच्या पलीकडे जात नाही. वाल्फारने कानात होतं तेच वाजवलं. ॲकॉर्डियन नसतं तिथेही त्याच्या गिटारची सुरावट भात्याच्या दमावर चालल्यासारखी वाटते : एक लांब ओळ, वळण, पुन्हा तीच ओळ. गावच्या नाचाची चाल, फक्त वेग भलताच.

आता नाव बघा. सोक्नार्दाल्र म्हणजे सोग्नदाल, वाल्फारचं गाव, जुन्या रूपात लिहिलेलं. दोनशे किलोमीटरहून लांब असा सोग्नेफ्योर्ड डोंगरांत आत घुसलाय, त्याच्या एका फाट्यावर हे गाव आहे. गाणी तिथल्या बोलीत आहेत. स्वतःच्या संगीताला त्यांनी नाव दिलं 'सोग्नामेटल'. गाण्यांत लढवय्ये आहेत, पण ते या खोऱ्यातले.

हे मला का महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं. ब्लॅक मेटलच्या त्या वर्तुळात काहींचं म्हणणं असं की चर्च ही परक्यांनी लादलेली गोष्ट, ती गेली की खालचा खरा नॉर्वे वर येईल. पण ते चर्च मूळचं कुठलं? सोग्नमधल्या फोर्टुनचं. बाराव्या शतकातलं, १८८३ मध्ये सुटं करून बर्गनकडे नेलेलं. म्हणजे वायकिंगांच्याच पणतवंडांनी रचलेलं लाकूड! शुद्ध मूळ शोधायला निघालेल्यांनी हातात असलेलं खरं जुनं तेवढं राख केलं. ते चर्च पुन्हा उभारून झालं १९९७ मध्ये, आल्बमच्याच वर्षी. योगायोग आहे, मी त्याला अर्थ चिकटवत नाही. पण त्याच संगीतप्रकारात, त्याच सोग्नमधला एक मुलगा ॲकॉर्डियन घेऊन जे करत होता, ते मला अगदी उलट्या दिशेचं वाटतं.

आल्बम निर्दोष आहे असं मात्र समजू नका. कीबोर्डचा आवाज पातळ आहे, काही जागी पुठ्ठ्याच्या किल्ल्यासारखा. साफ गायन सुरात डळमळतं. आणि राजे-योद्ध्यांचा थाट जिथे फार वाढतो, तिथे हे कुठल्याही वायकिंग बँडसारखं वाटू लागतं. पुढचे आल्बम जास्त सफाईदार आहेत. तरी मी पुन्हा पुन्हा याच्याकडेच येतो.

वाल्फार २००४ च्या जानेवारीत गेला. कुटुंबाच्या डोंगरावरच्या केबिनकडे चालत निघाला होता, वाटेत हिमवादळाने गाठलं. पंचवीस वर्षांचा होता. हे कळल्यावर आल्बम वेगळा ऐकू येतो, नाकारत नाही. पण त्या मृत्यूच्या आधारावर त्याला मोठं ठरवायची गरज नाही. १९९७ मध्येही तो तितकाच चांगला होता.

आता आल्बमच्याच नावाचं गाणं लावतो. वायकिंग शोधू नका, गावाचं नाव कसं उच्चारलंय तेवढं ऐका.