जुनून, गोळी आणि दोन पुस्तके

नववीच्या वर्गात मीरची गझल शिकवताना 'जुनून' हा शब्द आला की आम्ही फळ्यावर त्याचे तीन अर्थ लिहून देतो : वेड, इश्काची पराकाष्ठा आणि दुनियेच्या हिशेबी शहाणपणाला दिलेला नकार. मुले तिन्ही अर्थ वहीत उतरवून घेतात. चौथा अर्थ आम्ही फळ्यावर लिहीत नाही, कारण तो आमच्या घरात राहतो. आमची थोरली आपा २०११ सालापासून बायपोलरची रुग्ण आहे. कधी उन्माद, कधी नैराश्य, आणि मधल्या काळात ती तुमच्याआमच्यासारखीच, किंबहुना आमच्यापेक्षा जास्त समजूतदार. तिची लिथियमची गोळी आणि ती गोळी सोडण्याची तिची (आणि खरे सांगायचे तर आमचीही) ओढ, यांमुळे आम्ही दोन इंग्रजी पुस्तकांपर्यंत पोचलो. त्या पुस्तकांबद्दल लिहिण्याआधी आमच्या जुबानीचा थोडा हिशेब करणे भाग आहे.

उर्दू शायरीने वेडाला फार मोठा मान दिला. मजनूच्या फाटक्या गिरेबानावर आम्ही पिढ्यान् पिढ्या वाहवा दिली. पण मीर तकी मीर स्वतः तरुणपणी खरोखरीच वेडाच्या आजारातून गेले होते, हे किती जणांना ठाऊक असते? त्यांना चंद्रात एक आकृती दिसे. त्यांच्या 'जिक्र-ए-मीर' या फारसी आत्मचरित्रात आणि 'ख्वाब-ओ-खयाल' या मसनवीत हे आलेले आहे. त्यांच्यावर उपचार झाले, झाडफूक झाली, रक्तही काढले गेले, आणि ते बरे झाले. बरे झाल्यावर त्यांनी सहा दिवान लिहिले. आमच्या समीक्षकांनी चंद्रातली आकृती लक्षात ठेवली, उपचार करणाऱ्यांना विसरून गेले. मजाज लखनवींचे तसेच. त्यांची 'आवारा' आम्हाला तोंडपाठ असते. पण १९५२ साली त्यांना रांचीच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते आणि डिसेंबर १९५५ मध्ये लखनौच्या कडाक्याच्या थंडीत एका दारूच्या दुकानाच्या गच्चीवर रात्र काढल्यानंतर ते गेले, हे सांगताना आमचा सूर हळहळीपेक्षा कौतुकाकडेच झुकतो. शायर असाच मरायला हवा, असे जणू आम्हाला वाटते. शायराच्या बहिणीला काय वाटले असेल, हे कुणी विचारत नाही.

याच कौतुकाच्या जाळ्यात स्वतः अडकलेली आणि मग त्यातून वाट काढणारी लेखिका म्हणजे के रेडफिल्ड जेमिसन. त्यांचे 'ॲन अनक्वाएट माइंड' हे आत्मकथन १९९५ साली आले. जेमिसन मानसशास्त्रज्ञ आहेत, जॉन्स हॉपकिन्ससारख्या विद्यापीठात मनोविकारशास्त्र शिकवतात आणि स्वतः या आजाराच्या रुग्णही आहेत. आधी १९९३ साली त्यांनी 'टच्ड विथ फायर' हा ग्रंथ लिहून कवी-कलावंत आणि हा आजार यांचे नाते मांडले होते. म्हणजे जुनूनची वकिली करणारा पुरावा त्यांनीच गोळा केला. दोन वर्षांनी आलेल्या आत्मकथनात त्याच वकिलाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटी साक्ष दिली. या पुस्तकाची खरी ताकद आम्हाला इथे दिसते.

१९७४ साली त्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नोकरीला लागल्या आणि तीन महिन्यांच्या आत उन्मादाने त्यांना गाठले. त्या भरात केलेली खरेदी वाचताना हसू येते आणि लगेच घशात अडकते. साप चावल्यावर वापरायच्या पेट्या त्यांनी डझनभर घेऊन ठेवल्या होत्या. मग भाऊ येऊन बसतो, बिले आणि पावत्या जमिनीवर मांडतो आणि कर्जाचा हिशेब लावतो. आम्ही हे पान वाचले तेव्हा आम्हाला २०१६ ची ईद आठवली, त्याबद्दल पुढे सांगूच.

जेमिसन यांना लिथियम मिळाले, गुण आला, आणि त्यांनी ते सोडले. पुन्हा घेतले, पुन्हा सोडले. रोज रुग्णांना औषध नियमित घ्या म्हणून सांगणारी बाई स्वतःची गोळी टाळते, याची कारणे त्यांनी लपवलेली नाहीत. त्या काळी मात्रा जास्त दिली जाई. हात थरथरत, उलट्या होत, आणि सर्वांत वाईट म्हणजे वाचता येईना. ज्या बाईचे आयुष्य वाचनावर उभे, तिला मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर दिवस काढावे लागले. त्यातच सख्खी बहीण म्हणे की ही गोळी तुझा आत्मा मारते आहे. शिवाय उन्मादाचे पहिले दिवस गोड असतात. त्या दिवसांची चटक लागते आणि गोळी म्हणजे त्या दिवसांची कायमची रजा. गोळी सोडल्याची किंमत त्यांनी भयंकर नैराश्याने आणि आत्महत्येच्या प्रयत्नाने मोजली. त्यातून त्या वाचल्या. मधेच एक उपहासाचे पान आहे, लिथियमला आयुष्यात मानाने स्वीकारण्याचे नियम म्हणून. पाहुणे यायच्या आधी औषधाचे कपाट आवरावे, अशा थाटाची ती यादी. आम्ही ती उर्दूत उतरवून आपाला वाचून दाखवली. ती इतकी हसली की अम्मी धास्तावून आतून बाहेर आल्या.

पुस्तकातली आम्हाला मोलाची वाटणारी गोष्ट मात्र फार गाजावाजा न करता येते. पुढे इंग्लंडमध्ये असताना जेमिसन डॉक्टरांशी बोलून लिथियमची मात्रा अगदी सावकाश कमी करतात. औषध सुटत नाही, कमी होते. आणि त्यांना पुन्हा वाचता येऊ लागते, रंग-गंध पुन्हा जवळ येतात. सोडणे आणि गिळून गप्प बसणे या दोहोंच्या मधे तिसरी वाट असते, हे त्यांना कळायला बरीच वर्षे लागली. आम्हालाही.

लिथियमच्या इतिहासाची सुरुवातच गोळी सोडण्याच्या गोष्टीने होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात जॉन केड या डॉक्टरांनी १९४८ साली उन्मादाच्या एका जुन्या रुग्णाला लिथियम दिले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, कामावर रुजू झाला, मग औषधात हयगय करू लागला आणि पुन्हा त्याच रुग्णालयात परतला. १९५० साली तो लिथियमच्याच विषबाधेने मेला. केड यांचा निबंध १९४९ चा, जगाने तो साजरा केला. त्या पहिल्या रुग्णात मात्र या औषधाची दोन्ही टोके दिसून गेली होती. सोडले तर आजार परततो, रक्तातले प्रमाण हाताबाहेर गेले तर औषधच जीव घेते.

आता २०१६. त्या साली रमजान जूनमध्ये आला होता. उन्हाळा सरला नव्हता, रोजा चौदा तासांहून लांब. एका जवळच्या नातेवाइकाने सांगितले की रोजे आणि कुरआन असताना गोळ्यांची काय गरज? आपाने गोळ्या बंद केल्या. आम्हीच तिच्या गोळ्यांचा डबा उचलून कपाटावर ठेवला, म्हणजे नजरेसमोर नको. आम्ही, बी.एड. झालेलो, बालमानसशास्त्राच्या पेपरला चांगले गुण मिळवलेलो! पहिले पंधरा दिवस घरात नूर होता. आपा सहेरीला सर्वांच्या आधी उठे, एकटीने चाळीस माणसांची इफ्तारी रांधे, रात्री इबादतीत जागे. मोहल्ल्यातल्या बायका तिची दुआ घ्यायला येऊ लागल्या. आम्ही त्याला बरकत म्हणालो. तिसऱ्या आठवड्यात तिची झोप पूर्ण गेली. ईदच्या आदल्या दिवशी ती मोहल्ल्यातल्या प्रत्येक मुलासाठी उधारीवर कपडे घेऊन आली, आणि ईदच्या रात्री तिला चौघांनी धरून दवाखान्यात न्यावे लागले. पुढचे आठ महिने नैराश्याचे होते. त्याबद्दल इथे लिहीत नाही. ते तिचे आहेत.

दवाखान्यात आम्हाला बरेच बोलून घ्यावे लागले. पण इतक्या वर्षांत कोणत्याही डॉक्टरांनी रमजानबद्दल आपणहून एक वाक्य सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. पुढे आम्ही थोडे शोधून वाचले. मोरोक्कोत रमजानमध्ये बायपोलरच्या २० रुग्णांची पाहणी झाली, तिच्यात जवळजवळ निम्म्यांचा आजार उलटला होता. पेशावरला ६२ रुग्णांची पाहणी झाली, तिथे रक्तातल्या लिथियममध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही आणि रुग्ण ठीक राहिले. दोन्ही पाहण्या लहान आहेत आणि एकमेकींना छेद देतात. म्हणजे एकाच्या भाभीचा रोजा ठीक गेला म्हणून दुसऱ्याच्या आपाचा जाईलच असे नाही. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियम रक्तात साचू शकते, झोपेची वेळ उलटली की उन्माद जागा होऊ शकतो. आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुरआनने दिलेली आहे. ती नाकारून आपण अल्लाहपेक्षा कडक व्हायला निघतो. आमच्याकडे मधुमेहाच्या रुग्णाला ही सवलत सगळे देतात, मनाच्या रुग्णाला देताना हात आखडतो.

दुसरे पुस्तक अगदी अलीकडचे, २०२५ सालचे. लॉरा डेलानो यांचे 'अनश्रंक'. डेलानो अमेरिकेतल्या सधन घराण्यातल्या. १४व्या वर्षी त्यांना बायपोलर असल्याचे सांगण्यात आले. तेव्हापासून २७व्या वर्षापर्यंत दीड डझनाहून अधिक औषधे झाली, नामांकित रुग्णालये झाली, हार्वर्डचे शिक्षण झाले आणि जीव देण्याचा प्रयत्नही झाला. २०१० साली त्यांनी रॉबर्ट व्हिटेकर यांचे मनोविकारांच्या औषधांवर आक्षेप घेणारे पुस्तक वाचले आणि काही महिन्यांत सगळी औषधे सोडून दिली. पुढे जे भोगले ते या पुस्तकाचे हृदय आहे. प्रकाश सहन न होणे, आवाज अंगावर येणे, वर्षानुवर्षे बधिर असलेल्या भावनांचे एकदम उसळणे. आपण फार घाईने सोडले, हे त्या आज स्वतः मानतात आणि सावकाश कमी करण्याचाच आग्रह धरतात.

पुस्तक चिडवणारे आहे, आणि वाचण्याजोगे आहे. औषध सुरू करण्याची विद्या डॉक्टरांकडे आहे, उतरवण्याची नाही, हा डेलानो यांचा आरोप आम्हाला खोडता येत नाही. आमच्याकडच्या सरकारी ओ.पी.डी.च्या रांगेत उभा राहिलेला कोणीही सांगेल की तिथे जुन्या चिठ्ठीवर 'तेच चालू' लिहून मिळते. शास्त्रही या बाजूला उशिराच वळले. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली नैराश्याच्या औषधांबद्दल दाखवून दिले की गोळी अर्धी केली म्हणजे मेंदूवरचा परिणाम अर्धा होत नाही. शेवटच्या लहानशा तुकड्याचाही परिणाम मोठा असतो, म्हणून शेवटचे पाऊल सर्वांत लहान हवे. अर्धी, पाव, बंद असा आमचा घरगुती हिशेब त्यामुळेच फसतो.

पण डेलानो यांच्या पुस्तकाशी आमचे भांडण आहे. १४ वर्षांच्या एका गोंधळलेल्या, रागावलेल्या मुलीला लावलेले लेबल चुकीचे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. असेलही. तिच्या चुकलेल्या निदानावरून माझ्या आपाच्या बरोबर असलेल्या निदानाचा निकाल कसा लावायचा? आणखी एक गोष्ट वाचकाने स्वतःच वेगळी काढावी लागते. नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या कमी करताना होणारा त्रास बहुधा लवकर सुरू होतो आणि शरीरात जाणवतो : चक्कर, डोक्यात झिणझिण्या, घाम, भयानक स्वप्ने. काही झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिटही येते. लिथियमची तऱ्हा निराळी आहे. ते सोडल्यावर शरीर फारशी कुरकुर करत नाही, उलट बरेच वाटते, आणि मग काही आठवड्यांत वा महिन्यांत उन्माद येतो. दोन आठवड्यांच्या आत झटक्याने लिथियम सोडणाऱ्यांत आजार फार लवकर उलटतो, सावकाश सोडणाऱ्यांत तो धोका कमी असतो, हे १९९०च्या दशकातच अभ्यासातून पुढे आले होते. आमच्या घरातले ते नूराचे पंधरा दिवस या हिशेबात बरोबर बसतात. डेलानो यांचे पुस्तक त्या पंधराव्या दिवशी कुणाच्या हाती पडले तर?

दोन्ही बायकांकडे एक गोष्ट होती जी आमच्याकडे नाही. जेमिसन यांचा भाऊ कर्ज फेडू शकला, डेलानो यांना परतायला मोठे घर होते. दोन खोल्यांच्या घरात सून उन्मादात असते तेव्हा तिचा तलाक ठरतो की इलाज, हा प्रश्न या पुस्तकांत नाही. तो घरचा बाज जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' (२०१२) या कादंबरीत आहे. माहीमचे लहानसे घर, बिडी ओढणारी, तिखट जिभेची आई, आणि तिच्याभोवती आयुष्य लावून बसलेली माणसे. शांता गोखले यांनी ती 'एम आणि हूमराव' म्हणून मराठीत आणली आहे आणि मूळ कादंबरीला २०१६ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. मुस्लिम घरातून आलेले असे आत्मकथन मात्र उर्दूत वा मराठीत आमच्या वाचनात नाही. लिहिणारी माणसे नाहीत असे नाही. बहिणीचे लग्न, मुलीचे स्थळ, मोहल्ल्याचे तोंड, यांत लेखणी अडते. हा लेख लिहिताना आम्ही आपाला विचारले, तुझे नाव न घालता लिहू का? ती म्हणाली, नाव घातले तरी चालेल, शायरांचे घालतातच ना! आम्ही घातलेले नाही. तेवढी हिंमत अजून आमच्यात नाही, तिच्यात आहे.

२०१९ पासून आपाची मात्रा डॉक्टरांनी तपासण्या करून दोनदा कमी केली आहे. थायरॉईड आणि किडनीची तपासणी ठरल्या वेळी होते. रमजानच्या एक महिना आधी आम्ही जाऊन विचारून येतो. त्या वर्षी जे सांगतील ते. गेल्या वेळी तिला रोजे नको म्हणून सांगितले. ती रडली, मग रोज एका गरिबाच्या जेवणाचा फिदिया आपल्या शिवणकामाच्या पैशातून देत राहिली. जेमिसनचे पुस्तक सध्या तिच्या उशाशी आहे. इंग्रजी तिला अडखळतच येते, म्हणून ती एकेक पान आमच्याकडून समजून घेते. परवा ती त्या पानावर थांबली जिथे बहीण गोळीच्या विरोधात बोलते. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ही बहीण वाईट नाही. तीही कपाटावर डबा ठेवणारी."